इप्पत्तु, एप्पत्तु आणि आजोबांचा ठिपका

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय २३. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पुढे बी.कॉम. केले. अडीच महिन्यांपूर्वी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) डिस्पॅच विभागात नोकरीला लागले. उमेदवारी सहा महिन्यांची आहे. शाळेत कन्नड विषय असल्यामुळे वाचता येते, पण बोलायची वेळ आली की जीभ वळत नाही. आठव्याच दिवशी स्टोअरमधून फोनवर सांगितलेला आकडा मी चुकीचा ऐकला आणि चलनावर २० नगांऐवजी ७० नग लिहिले. गाडी गेटवरून परत बोलवावी लागली. साहेब एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतरही ते कामापुरतेच बोलतात. शिवाय चलनाचे पुस्तकही माझ्याच गळ्यात घातले आहे. सहा महिने संपताच ते मला काढणार, असे मला वाटते. बाकीची माणसे कन्नडमध्ये बोलून हसतात, तेव्हा ती माझ्यावरच हसत असावीत. दुपारी मी एकटीच डबा खाते. रात्री आजोबांबरोबर मोबाइलवर जुने मराठी चित्रपट पाहते आणि झोपायला एक वाजतो. आजोबा तरुणपणी तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली होते. चित्रपट चालू असताना ते मध्येच ‘आला बघ’ म्हणतात आणि लगेच पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तेवढे दोन-तीन तास सगळे आपले वाटते. सकाळी बसमध्ये चढले की पोटात गोळा येतो. आई म्हणते, हा पळपुटेपणा आहे. पुण्याची आत्या म्हणते, इकडे ये, इथे सगळे मराठीत असते. मी काय करावे?

— एक वाचक, खानापूर तालुका

सप्रेम नमस्कार.

आधी त्या आकड्याविषयी लिहिते, कारण पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकला असला तरी पुढची सगळी भीती त्याच ओळीतून निघालेली दिसते. कन्नडमध्ये वीस म्हणजे ‘इप्पत्तु’ आणि सत्तर म्हणजे ‘एप्पत्तु’. फरक काय तो पहिल्या स्वराचा. शेजारी फेटलिंगचे, म्हणजे ओतीव माल घासून साफ करण्याचे, ग्राइंडर चालू असताना, फोनवर, घाईत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून हा स्वर नेमका ऐकू येणे कन्नड मातृभाषा असणाऱ्यालाही नेहमीच साधत असेल असे नाही. मराठी कानाला तर आणखी एक अडचण असते. आपण एकक आधी आणि दशक नंतर बोलतो. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि वीस मागून येतो. कन्नडमध्ये इंग्रजीसारखे दशक आधी येते: ‘इप्पत्तेळु’ म्हणजे वीस आणि सात. त्यामुळे ‘इप्पत्तेळु’ ऐकल्यावर मनातल्या मनात त्याची उलटापालट करताना २७ चे ७२ होणे अगदी सहज घडते. ही चूक तुमच्या हुशारीची किंवा लायकीची नाही. दोन भाषांच्या सांध्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाकडून ती केव्हा ना केव्हा होते आणि तिच्यावर साधा उपाय आहे. फोनवर आकडा ऐकला की तो सुटा करून परत विचारायचा: ‘एरडु सोन्ने?’ म्हणजे दोन शून्य का? सत्तर असेल तर समोरचा म्हणेल, ‘अल्ल, एळु सोन्ने.’ म्हणजे नाही, सात शून्य. इप्पत्तु आणि एप्पत्तु यांत गोंधळ होईल, पण एरडु आणि एळु यांत होणार नाही. बँकेतली माणसे खाते क्रमांक असाच एकेक आकडा उच्चारून घेतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. १९८६ साली चिकोडी तालुक्यातील एका पतसंस्थेत मी कारकून म्हणून लागले, तेव्हा तेथील जुनी खातेवही कन्नड अंकांत लिहिलेली असे. कन्नड लिपीत तीन आणि सहा हे अंक दिसायला सख्खे भाऊ आहेत. वरचे वळण जवळजवळ एकच, शेपटीत काय तो फरक, आणि बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती तोही पुसट होऊन जाई. तिसऱ्या आठवड्यात मी एका सभासदाचे तीनशे रुपये सहाशे म्हणून उतरवले. संध्याकाळी मेळ बसेना. तीनशेची तफावत शोधत आम्ही चौघे कंदील लावून आठ वाजेपर्यंत बसलो आणि माझी शेवटची बस गेली. रोखपालांनी चूक सापडल्यावर बोट ठेवून ती मला दाखवली, वही मिटली आणि चप्पल घालून ते निघून गेले. त्यांच्या त्या न बोलण्याचा मी रात्रभर कीस पाडला. बहुतेक त्यांना भूक लागली होती, हे सुचायला मला काही वर्षे जावी लागली.

आता तुमच्या साहेबांच्या मौनाकडे वळते. तुम्ही जुने चित्रपट पाहता, म्हणून तुमच्याच पडद्यावरचे उदाहरण घेते. ‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७) तुम्ही आजोबांबरोबर पाहिला असेल. नसेल तर जरूर पाहा. व्ही. शांताराम यांनी त्या चित्रपटाला पार्श्वसंगीतच दिलेले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे आवाज. गाण्याला साथसुद्धा त्या प्रसंगातल्याच वस्तूंची. म्हणजे शांता आपटे यांची नीरा गप्प उभी राहते, किंवा केशवराव दाते यांचे वयस्कर काकासाहेब दाराशी घुटमळतात, तेव्हा आता घाबरा किंवा आता हळहळा असे सांगणारे कोणतेही वाद्य मागून वाजत नाही. प्रेक्षकाला चेहरा पाहावा लागतो, हात कुठे आहेत ते पाहावे लागते आणि अंदाज स्वतःचा स्वतः बांधावा लागतो. तो अंदाज पुढच्या प्रसंगात चुकीचाही ठरू शकतो.

नव्या कचेरीतले पहिले महिने नेमके असेच असतात. माणसे वावरतात, कागद पुढे सरकवतात, फोन ठेवतात, आणि कोणत्याही कृतीमागे संगीत नसते. जुन्या जागी, घरी किंवा कॉलेजात आपल्याला माणसांचा स्वभाव ठाऊक असतो, म्हणून त्यांचे गप्प बसणे आपण बरोबर वाचतो. नव्या जागी स्वभाव ठाऊक नसतात, पण संगीताशिवाय बसवत नाही, म्हणून ते आपण स्वतःच वाजवू लागतो, आणि नेमके खलनायकाच्या प्रवेशाचे संगीत वाजवतो. तुमचे साहेब बोलले नाहीत, एवढेच पडद्यावर घडले. ‘ते मला काढणार’ हे त्यामागे वाजलेले तुमचे वाद्य आहे.

ते वाद्य बंद करून पुन्हा तोच प्रसंग पाहा. गाडी गेटवरून परत आली. चुकीचे चलन रद्द झाले, नवे झाले, आणि माल पन्नास हजारांहून अधिक किमतीचा असल्यास त्यासोबतचे ई-वे बिलही (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) रद्द करून नवे काढावे लागले असेल. ते २४ तासांच्या आत रद्द करता येते, म्हणजे ही चूक होते हे गृहीत धरूनच ती सोय केलेली आहे. हे सर्व साहेबांनी आवाज न चढवता केले. उलट विचार करा. सत्तर नगांचे चलन घेऊन वीस नगांची गाडी ग्राहकाच्या दारात पोहोचली असती, तर पन्नास नगांचा हिशेब देता देता कंपनीच्या नाकी नऊ आले असते. चूक गेटवर सापडली, म्हणजे तुमच्याकडची तपासणीची साखळी नीट चालते. आणि आता तुमच्या पत्रातले ते एक वाक्य, जे तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे: ‘चलनाचे पुस्तकही माझ्याच गळ्यात घातले आहे.’ ज्या मुलीला काढायचे ठरवले आहे, तिच्या हाती कोणता साहेब चलनाचे पुस्तक ठेवतो? ते कपाटात कुलूपबंद झाले असते. माझा अंदाज चुकूही शकतो, कारण मी त्यांना पाहिलेले नाही. पण तुम्ही काढलेल्या अर्थापेक्षा या अर्थाला पुरावा अधिक आहे.

तरीही अंदाजावर राहण्याची गरज नाही. तीन महिने पुरे होतील त्या आठवड्यात, साहेब मोकळे असतील अशा वेळी, उभ्या उभ्या विचारा: ‘माझ्या कामात काय सुधारायला हवे, ते सांगाल का?’ मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, मोडके विचारा. रडवेले होऊन मात्र विचारू नका आणि त्या २० नगांचा विषय स्वतःहून काढू नका. त्यांच्या दृष्टीने तो कधीच संपलेला असण्याची शक्यता आहे.

तुमच्या पत्रात मला सर्वांत आवडले ते आजोबांचे ‘आला बघ’. तो ठिपका म्हणजे काय, हे त्यांनी तुम्हाला सांगितले असेलच. पण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. हजार फुटांचे रीळ त्यामुळे अकरा मिनिटांत संपते. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसतो आणि काही सेकंदांनी पुन्हा एकदा दिसतो. पहिला सावध करण्यासाठी, दुसरा हात चालवण्यासाठी. मोठ्या थिएटरात दोन प्रोजेक्टर असत आणि ठिपक्यावर एकाचा प्रकाश दुसऱ्याकडे वळवला जाई. तंबूत बहुधा एकच यंत्र असे. तेथे रीळ संपले की दिवे लागत, लोक विड्या पेटवत, आणि हाताखालच्या पोराने पुढचे रीळ तयार ठेवलेले नसले तर शिट्ट्या सुरू होत.

ते हाताखालचे पोर म्हणजे तुमचे आजोबा. आज इतक्या वर्षांनी, मोबाइलच्या वीतभर पडद्यावरही, त्यांची नजर कथेवर नाही. ती कोपऱ्यात आहे. लोक नायिकेकडे पाहून डोळे पुसत असताना हा माणूस ठिपक्याची वाट पाहत असे, आणि त्यामुळेच त्या लोकांचे रडणे फार वेळ तुटून राहत नसे. प्रत्येक कामाला असे दोन-चार ठिपके असतात. नवा माणूस सगळा पडदा एकदम पाहतो, म्हणून गांगरतो: भट्टी, साहेब, फोन, ड्रायव्हरची घाई, कन्नड, स्वतःची चप्पलसुद्धा. जुना माणूस ठिपके पाहतो. तुमच्या टेबलावरचे ठिपके मला दिसतात ते असे: नग किती, हीट नंबर (माल भट्टीच्या कोणत्या ओतणीचा ते सांगणारा क्रमांक) कोणता, पार्टी कोण आणि गाडीचा क्रमांक काय. चलन फाडण्यापूर्वी या चार जागांवर पेन टेकवायचे आणि मगच सही करायची. कदाचित तुमच्याकडे पाचवाही असेल, वजनकाट्याची पावती किंवा असे काही. तो तुमच्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला विचारा. जुन्या माणसांना त्यांचे ठिपके सांगायला आवडते, फक्त विचारणारे कुणी नसते.

आता भाषेकडे येते. येथे मला जपून लिहायला हवे, कारण आपल्या भागात भाषा हा केवळ बोलण्याचा प्रश्न नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून घराघरात त्याची झळ आहे, सीमाभागावरील महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मराठीतून कागद मिळावेत म्हणून झगडलेली माणसे तुमच्याही गावात असतील. कन्नड बोलणे म्हणजे त्यांच्याशी प्रतारणा, अशी बोच तुमच्या मनात कुठेतरी असावी, असे पत्र वाचताना मला वाटले; तुम्ही तसे लिहिलेले नाही, पण ‘तेवढे दोन-तीन तास सगळे आपले वाटते’ या वाक्याखाली ती दिसते. हक्क मागणे ही एक गोष्ट आहे आणि स्टोअरमधल्या माणसाशी बोलता येणे ही दुसरी. पहिलीसाठी दुसरी सोडावी लागते, असे मला कधीच वाटलेले नाही.

शिवाय ज्या पडद्यावर तुम्हाला सगळे ‘आपले’ वाटते, तो पडदा कुणी उभा केला, तेही पाहावे. ‘माणूस’ (१९३९) मधली मैना साकारणाऱ्या शांता हुबळीकर हुबळीकडच्या. त्यांची मातृभाषा कन्नड. आजही घरोघरी गुणगुणले जाणारे ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे मराठी माणसाने ज्या गळ्यातून ऐकले, त्या गळ्याने मराठी शिकून घेतलेली होती. तुकारामांच्या भूमिकेत ज्यांना पाहून लोक हात जोडत, ते विष्णुपंत पागनीस जन्माने चिकोडीचे. संगीत नाटकांतून स्त्री-भूमिका करणारा हा नट चाळिशी ओलांडल्यावर ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) उभा राहिला, तेव्हा तीही एक नवी नोकरीच होती. आणि खुद्द शांताराम किशोरवयात हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. संध्याकाळी तेथल्याच एका पत्र्याच्या सिनेमागृहात दारावर उभे राहत. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करायला ते गेले ते त्यानंतर. म्हणजे हा पडदा सीमेच्या या बाजूला आणि त्या बाजूला, दोन्हीकडे बांधलेला आहे. तुम्ही रात्री जेथे आसरा घेता, ते घर तुमच्या उद्यमबागेपासून फार लांब नाही.

हुबळीकरांना एक अवघड गोष्ट जमवावी लागली: परक्या भाषेत, कॅमेऱ्यासमोर, सगळ्या महाराष्ट्राने ऐकावे असे बोलायचे. तुम्हाला फक्त स्टोअरमधल्या दोघा-तिघांना कळेल असे बोलायचे आहे. आणि तुमच्याकडे पाया तयार आहे. लिपी येते. कचेरीतले निम्मे शब्द तर तुम्ही जन्मापासून वापरत आला आहात: अर्जी, सही, रजे, जमा, बाकी, खर्चु, तारीखु. एकदा कान देऊन ऐका, ही कन्नड वाक्ये आपल्याच वळणाने जाताना दिसतील. न कळल्यास मान हलवू नका. अर्धवट हलवलेल्या मानेनेच ते सत्तर नग लिहिले गेले. त्याऐवजी ‘तिळीलिल्लरी, इन्नोम्मे हेळ्री’ म्हणा. कळले नाही, पुन्हा एकदा सांगा. या भागात आदराचा ‘री’ लावून विचारलेल्या प्रश्नाला माणसे सहसा वाकडे उत्तर देत नाहीत. तुमचे लिंग-वचन चुकेल, क्रियापद घसरेल. घसरू द्या. कन्नड वळणाची मराठी बोलणारे बेळगावचे रावसाहेब पु. ल. देशपांड्यांनी साऱ्या महाराष्ट्राला लाडके करून ठेवले आहेत. आपण त्यांच्या चुकांवर जीव लावतो आणि स्वतःच्या चुकांना मात्र घाबरतो.

हसण्याविषयी थोडेसेच लिहिते. ती माणसे तुमच्यावर हसत असतील का? एखादे वेळी असतीलही, इप्पत्तुचा किस्सा अजून ताजा आहे. पण अडीच महिने रोज हसण्याइतकी कोणतीही नवी मुलगी मनोरंजक नसते. कळत नसलेल्या भाषेतले हसणे नेहमी आपल्याकडे तोंड करूनच आलेले वाटते. मराठी घरात नव्याने आलेल्या कन्नड सुनेला विचारा, तीही हेच सांगेल.

डब्याचे मात्र मनावर घ्या. दुपारी कुणी जाता जाता ‘ऊटा आतेन्रि?’ असे विचारत असेल आणि तुम्ही ‘हो’ म्हणून पुन्हा डब्यात मान घालत असाल, तर संधी तुमच्याकडून सुटते आहे. ती चौकशी नाही, उशीर झाल्याचा ठपकाही नाही. आपल्या ‘जेवलात का?’ इतकाच त्याचा अर्थ, आणि त्याचे उत्तर म्हणजे उलटा प्रश्न: ‘आतरी, निम्दु?’ म्हणजे झाले, तुमचे? एवढ्यावर गाडी पुढे जाते. आईला सांगून एखाद्या दिवशी डब्यात शेंगदाण्याची चटणी दोन माणसांना पुरेल एवढी न्या आणि डबा उचलून त्यांच्या टेबलावर जाऊन बसा. बोलावण्याची वाट पाहू नका. त्यांचाही समज असा असू शकतो की ही मुलगी अबोल आहे, तिला एकटे बसायला आवडते. त्यांच्याकडेही पार्श्वसंगीत वाजतच असते.

आता आईंच्या म्हणण्याकडे येते. जुने चित्रपट पाहणे हा पळपुटेपणा आहे, असे मला वाटत नाही. दिवसभर न कळणारे बोलणे ऐकून आलेल्या माणसाला रात्री स्वच्छ, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटे असलेली मराठी ऐकावीशी वाटणे हे तहानेसारखे आहे. त्या काळच्या नटांचा पिंड रंगभूमीवर पोसलेला होता, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलायची त्यांना सवय होती, आणि ध्वनिमुद्रणाची साधने आजच्या मानाने साधी असल्यामुळे स्पष्ट बोलण्यावाचून गत्यंतरही नव्हते. थकलेल्या कानाला ते बरे वाटते. माझ्या त्या पतसंस्थेच्या दिवसांत मी रात्री रेडिओवर लागतील ती जुनी नाट्यपदे ऐकत असे, आणि माझी आईही हेच म्हणत असे.

पण आईंचा मुद्दा पूर्ण चुकीचाही नाही. फक्त त्यांचे बोट चित्रपटावर आहे, ते घड्याळावर असायला हवे होते. एक वाजता झोपायचे, पहाटे उठून डबा करायचा, मग खानापुरातून येणारी बस. ११ जून २०२३ पासून महिलांना प्रवास मोफत झाला, ही मोठीच सोय आहे, पण सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा उरलेली नाही, हे मी स्वतः भोगते. पाच तासांच्या झोपेवर, मच्छे-पिरनवाडीपर्यंत दांड्याला लोंबकळून आलेल्या माणसाने फोनवर इप्पत्तु ऐकले काय आणि एप्पत्तु ऐकले काय. पोटातल्या गोळ्याचा बराच भाग जागरणाचा आहे, असा माझा संशय आहे.

म्हणून चित्रपट सोडू नका, रिळांत पाहा. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे हजार फुटांची साधारण चौदा रिळे. रोज चार रिळे, म्हणजे पाऊण तास. कुठे थांबायचे ते तुम्ही ठरवू नका, आजोबांना ठरवू द्या. चौथ्या रिळाच्या ठिपक्याला त्यांनी ‘आला बघ’ म्हटले की मोबाइल खाली ठेवायचा. काही प्रतींत ठिपके पुसले गेलेले असतात, तेथे ते अंदाजाने सांगतील, आणि त्यांचा अंदाज घड्याळापेक्षा फारसा चुकणार नाही. तंबूतला प्रेक्षकही असाच तुकड्या-तुकड्यांत चित्रपट पाहत होता. उरलेला भाग उद्या आहे, या आशेवर सकाळची बसही थोडी सुसह्य होते, हा माझा नाट्यपदांच्या बाबतीतला अनुभव आहे.

राहिली पुण्याची आत्या. तुम्ही पुण्याला जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. आपल्या भागातली कितीतरी मुले-मुली कोल्हापूर-पुण्याला गेली, तेथे रुजली, आणि पगाराच्या दृष्टीने पाहिले तर अनेकांचे बरेच झाले. पण ‘इथे सगळे मराठीत असते’ हे आत्याबाईंचे वाक्य मला खरे वाटत नाही. पुण्याच्या कारखान्यात आज हिंदी आहे, इंग्रजी आहे, आणि तुमच्या बेळगावी मराठीला ‘तुम्ही कुठल्या?’ असे विचारणारी मराठीही आहे. पहिले तीन महिने तेथेही तुम्ही नव्याच असाल आणि तेथेही कुणी साहेब गप्प बसतील. खोलीभाडे आणि खानावळ वजा जाता हाती काय उरते, त्याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकाल, बी.कॉम. तुम्ही आहात. आजोबा खानापूर तालुक्यात आणि तुम्ही हडपसरला, हाही त्या हिशेबातला एक रकाना आहे.

माझे म्हणणे इतकेच आहे की उमेदवारीचे सहा महिने येथेच पुरे करा. त्यांपैकी अडीच गेले आहेत. साडेतीन महिन्यांनंतर पगार कमी वाटला, काम कंटाळवाणे वाटले, बढतीला जागा दिसली नाही, तर राजीनामा देऊन, नियुक्तिपत्रात असेल तेवढी मुदत पाळून, अनुभवाचा दाखला हाती घेऊन खुशाल जा. पन्नास नगांच्या चुकीला घाबरून गेलात, तर ती चूक तुमच्याबरोबर स्वारगेटला उतरेल.

आणि एक काम आजच करा. आजोबांनी किती ठिपके अचूक पकडले ते तुम्ही रोज ऐकता. त्यांच्या हातून सुटलेला पहिला ठिपका कोणता, हे विचारून पाहा. कोणत्या गावची जत्रा होती, पडदा किती वेळ पांढरा राहिला, कुणी काय शिव्या दिल्या, ऑपरेटर काय म्हणाला. तो काहीच म्हणाला नसेल, तर त्या रात्री तंबूमागे झोपताना आजोबांना काय वाटले, तेही विचारा, आणि मला कळवा.

आपली,
सदरलेखिका